सहावं बाळ

आज उपकेंद्रावर लसीकरण सत्र. गोवर-रुबेलाच्या चार कुप्या मागितल्या होत्या, हातात आल्या दोन. "पुढच्या खेपेला बघू, सिस्टर." बरं.

एका कुपीत ५ डोस. बरोब्बर पाच बाळं झाली, पहिली कुपी संपली, मी मनातल्या मनात खूश. तेवढ्यात आशाताई ऊसतोडीवाल्यांचं सहावं बाळ घेऊन हजर!

पेंटाची (पाच रोगांवरची एकत्र लस) उघडलेली कुपी नीट थंड ठेवली तर २८ दिवस चालते. गोवर-रुबेलाची पावडर मात्र एकदा विरघळवली की ४ तासांत संपवायची, उरलेली फेकायची. नियम सांगतो, एका बाळासाठीही कुपी उघडा. तरी हात थबकलाच. नियम लिहिणाऱ्यांना दोनच कुप्या मिळत नसाव्यात.

आई म्हणाली, "ताई, उद्या पहाटे गाडी हाय आमची. कारखान्यावर."

लशीला उष्णता लागली की काळवंडणारा कुपीवरचा चौकोन पाहिला, पांढराशुभ्र. उघडली. झाकणावर वेळ लिहिली, १२.४०.

आशाताई काही न बोलता स्कूटीवर वस्तीकडे पळाल्या. तासाभरात आणखी दोन बाळं, एक आजी आणि एक शेळी. (शेळी आजीला सोडत नाही म्हणे.)

दोन डोस वाया. रजिस्टरात लिहिले. चार कुप्यांची मागणी परत टाकली आहे.