टांगलेलं दही

दुपारी घर निजलं की स्वयंपाकघरातून एक आवाज येत राहतो. टप्... टप्. नळ गळत नसतो. भाज्यांच्या डिपसाठी नळाला दह्याची पुरचुंडी बांधलेली असते आणि खालच्या पातेल्यात हिरवट-पिवळं पाणी साचत असतं.

पूर्वी पाडव्याच्या आदल्या रात्री अशी पुरचुंडी खुंटीला लोंबायची आणि पोरं तिच्याभोवती घोटाळायची. बोटानं दाबून बघायला सक्त मनाई. मनाई रास्तच होती, कारण दाबलं की पाण्याबरोबर कापडातून दहीही उतरतं. चक्का आपल्याच वजनानं गळू द्यावा.

श्रीखंडाला रात्रभर टांगतात, गाजर-काकडीच्या कांड्या बुडवून खायच्या डिपला तेवढं नको. अर्धा किलो दही तीन-चार तास टांगलं की साधारण पाव किलो चक्का उरतो. फार घट्ट झाला तर त्यात गाजराची कांडी मोडते. अशा वेळी पातेल्यातलंच चमचाभर पाणी परत घालावं. एप्रिल-मेमध्ये मात्र नळाचा नाद सोडावा. चाळणीत कापड, कापडात दही, खाली पातेलं आणि सगळं फ्रीजमध्ये. बाहेर ठेवलेला चक्का संध्याकाळपर्यंत दात आंबवतो. कापडाला धुण्याच्या पावडरीचा वास नको. दही वास फार पटकन धरतं, आणि मोगऱ्याच्या वासाचा डिप कोणी खात नाही.

खरा दगा काकडी देते. तिच्यात ९५ टक्के पाणीच. पाव किलो चक्क्याला एक मध्यम काकडी किसावी, पाव चमचा मीठ चोळून दहा मिनिटं ठेवावी आणि मग मुठीत घट्ट पिळावी. त्याआधी देठाकडचा तुकडा कापून चाखावा, कडूपणा असला तर बहुधा तिथेच जास्त असतो. पिळायचा कंटाळा केला तर डिप करताना झकास दिसतो, आणि पाहुणे येईपर्यंत त्याची कोशिंबीर झालेली असते. कोशिंबिरीला पाणी सुटलेलं चालतं. पोळीनं टिपता येतं, शेवटी वाटी तोंडाला लावता येते. डिपला ती सवलत नाही, त्याला कांडीवर चिकटून राहायचं असतं. ग्रीसमधले लोक त्झात्झिकीसाठी, म्हणजे त्यांच्या दही-काकडीच्या डिपसाठी, काकडी अशीच पिळतात.

बाकीचं सोपं. एक छोटं गाजर बारीक किसून, अर्धी ढोबळी मिरची बिया काढून अगदी बारीक चिरून. कोथिंबीर धुतल्यावर फडक्यावर कोरडी करून. टोमॅटो नकोच. कच्चा कांदाही नको. थोड्या वेळानं डिपभर त्याचाच वास उरतो. लसणीची एकच पाकळी ठेचून घालावी, कारण मुरल्यावर ती चढत जाते. अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, थोडी मिरपूड, चमचाभर तेल. ‘हलकं खायचंय’ म्हणून तेल गाळतात आणि मग चव खडूसारखी लागते म्हणून कुरकुरतात. मीठ अगदी शेवटी, चाखून. काकडीबरोबर थोडं आलेलंच असतं.

मिक्सर काढू नये. पात्याखाली चक्का पातळ होतो आणि तीन तासांची टपटप वाया जाते. काट्यानं किंवा चमच्यानं फेटला की पुरे. अर्धा तास फ्रीजमध्ये मुरू द्यावा, दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावा. सोबत गाजर-काकडीच्या कांड्या. वेफर्सचा पुडा कोणी आणून ठेवला, ही चौकशी करू नये.

पातेल्यातल्या पाण्यात कणीक भिजवावी किंवा ते कढीत घालावं.

कापडाला चिकटलेला चक्का खरवडून वाडग्यात घालावा, अशी रीत आहे. तो वाडग्यापर्यंत सहसा पोचत नाही.