आंबोलीत बेडूक मोजणारा मुलगा

आंबोलीच्या मोठ्या धबधब्याबद्दल या लेखात काही नाही. शनिवारी दुपारी तिथे पाण्याच्या आवाजापेक्षा हॉर्नचे आवाज जास्त होते, कणसांचा धूर होता आणि बंद गाड्यांतून फुल आवाजात गाणी वाजत होती. घाटात इतका वेळ अडकून पडल्यावर मी त्या धबधब्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही. मला बेडूक बघायचे होते.

हे मुक्कामाच्या घरी सांगितलं तेव्हा मावशी हातातला डाव तसाच धरून माझ्याकडे बघत राहिल्या. "बेडूक बघूक इतक्या लांबसून इलात?" मग स्वतःच म्हणाल्या, की जून लागला की असे लोक येतात, रात्री जातात, पहाटे चिखल घेऊन येतात आणि न्हाणीघर तुंबवतात. तक्रार रास्त होती. जेवण मात्र त्यांनी असं वाढलं की न्हाणीघर मी स्वतः धुतलं.

प्राणिशास्त्रात आंबोलीचं नाव पुन्हा पुन्हा येतं, त्याचं एक कारण पाऊस. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो. दुसरं कारण म्हणजे इथे एकाच गावाच्या परिसरात दाट जंगल आणि जांभ्या दगडाचे उघडे सडे, म्हणजे सपाट पठारं, शेजारी शेजारी आहेत. वाघासारखे पट्टे असलेला आंबोलीचा भेक (म्हणजे इंग्रजीत ज्याला 'टोड' म्हणतात तो), बिनशेपटीचं पिल्लू थेट अंड्यातून बाहेर काढणारा आंबोली झुडुपी बेडूक, खडकाच्या चिरांमध्ये राहणारा 'इंडिराना चिरवासी', निसर्गतज्ज्ञ जे. सी. डॅनियल यांचं नाव दिलेलं देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा उभयचर), इवल्या 'निमास्पिस' पाली. या सगळ्यांची शास्त्रीय वर्णनं २००३ किंवा त्यानंतरची आहेत. म्हणजे मी शाळेत असताना हे प्राणी इथेच होते, फक्त कागदावर नव्हते.

रात्रीच्या फेरीला आमच्याबरोबर आठ-दहा जणांचा फोटोग्राफीचा एक गट होता. त्यांचे एक सर होते. गावातला वाटाड्या दादा होता. आणि सगळ्यांच्या मागे, कुणाशी फारसं न बोलता, एक संशोधक मुलगा. गळ्यात रेकॉर्डर, पाठीवरच्या सॅकमध्ये वनखात्याच्या परवान्याची प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली प्रत. सड्यावर पाऊल टाकण्याआधी त्यानं गमबूट जंतुनाशकानं धुतले, तेव्हा गटातलं कुणीतरी हसलं. बेडकांच्या कातडीवर वाढणारी एक बुरशी जगभर उभयचरांच्या जाती संपवत फिरते आहे, सह्याद्रीतही ती सापडली आहे, आणि ती चिखलातून, बुटांतून पसरू शकते. हे त्यानं विचारल्यावरच सांगितलं, तेही दोन वाक्यांत.

चौकुळच्या बाजूच्या सड्यावर आम्हाला भेक दिसले. पहिल्या जोरदार पावसानंतर ते जांभ्यातल्या उथळ डबक्यांवर गोळा होतात. डबकं म्हणजे किती, तर आपली परातही त्यात बुडणार नाही. एका डबक्यात जोडी होती. मादीच्या पाठीवर नर घट्ट बसलेला, अंगावरचे पिवळट पट्टे टॉर्चमध्ये चमकत होते. आंबोलीच्या परिसराबाहेर हा प्राणी फारसा सापडलेला नाही आणि जगभरच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत तो सगळ्यात वरच्या, 'अतिसंकटग्रस्त' गटात आहे.

सरांना पाण्यावर येणारी चकाकी नको होती. त्यांनी ती जोडी सरळ उचलली आणि शेजारच्या शेवाळलेल्या दगडावर ठेवली.

"सर, ती अंडी घालतेय," मुलगा म्हणाला.

"दोनच मिनिटं रे."

मग फ्लॅश सुरू झाले. प्रत्येकाला आपली जागा हवी होती, कुणाला वरून, कुणाला जमिनीवर झोपून. एक बाई मला "जरा टॉर्च डावीकडून धरा ना" म्हणाल्या. मी धरला नाही. हातांना मच्छर पळवायचं मलम चोपडलेली माणसं, ज्या प्राण्याची कातडी पाणी पिते आणि श्वासही घेते, त्याला बोटांनी सरकवत होती. माझा पारा इतका चढला, की मी सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलले, आणि काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सर थंडपणे म्हणाले, "मॅडम, फोटो पाहूनच लोक निसर्गावर प्रेम करतात." हे वाक्य मी याआधीही ऐकलंय, दरवेळी कुणाच्या तरी हातात एखादा प्राणी असताना.

मुलगा वादात पडला नाही. सर बॅटरी बदलायला वळले तेव्हा त्यानं नवे हातमोजे चढवले, हात डबक्यात ओले केले आणि जोडी होती तिथे ठेवली. मग तो आमच्याकडे पाठ करून त्या डबक्याच्या कडेला उभा राहिला, अशा बेतानं की कुणाला वाकायला जागाच उरली नाही.

गट पुढे गेला. मी मागेच थांबले, थोडी रागानं आणि थोडी कंटाळ्यानं. गवतातून एक बारीकसा बेडूक ओरडत होता. मुलानं माईक पुढे केला, हवेचं तापमान लिहून घेतलं (थंडीत बेडकाची ओरडण्याची गती मंदावते, त्यामुळे तापमान लिहिलं नाही तर ध्वनिमुद्रण तुलनेला निरुपयोगी), आणि बसला. रेनकोटवर पाऊस वाजत होता. माझ्या पोटरीवर जळू चढली, ती मी काढली, दुसरी चढली. बराच वेळ काहीच झालं नाही. दरम्यान मी फोनवरच्या ॲपला फोटो दाखवला, त्यानं क्षणात नाव सांगितलं. मी ते अभिमानानं वाचून दाखवलं.

"मिनर्व्हार्या इथपर्यंत ठीक आहे, ताई," तो म्हणाला. "पुढचं नाव मी सांगणार नाही."

आधी मला तो आगाऊपणा वाटला. पण या छोट्या बेडकांचं प्रकरण खरंच तसं आहे. दिसायला एकाच साच्यातले, पण आवाज वेगळा, जनुकं वेगळी. २०१७ मध्ये पश्चिम घाटातल्या या गटातल्या चार नव्या जातींचं वर्णन झालं आणि त्यांतली एक आंबोलीतलीच होती. वर्णन झालं तेव्हा वंशाचं नाव फेजर्व्हार्या होतं, नंतर मिनर्व्हार्या झालं. माझ्या ॲपच्या मागे हजारो हौशी लोकांचे फोटो आहेत, आणि त्या फोटोंखाली नावं लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी हा बेडूक ओरडताना ऐकलाय, हा प्रश्न त्यानं विचारला नाही. मीच मनात विचारला.

सकाळी ओट्यावर त्यानं व्हर्नियर कॅलिपर काढला. परवान्याखाली धरलेला एक बेडूक, नाकाच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, मग डोळा, कानाचा पडदा, नडगी, बोटांमधला पडदा किती खोल. एकेक माप तीनदा. मावशी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "एवढ्याशा बेडकाक किती मोजतलंस रे?" तो हसला आणि पुन्हा मोजायला लागला. देवगांडुळाच्या बाबतीत तर याहून किचकट काम असतं. त्याला पाय नाहीत, डोळे जवळजवळ निकामी, म्हणून अंगावरची वळी मोजायची आणि मणके मोजण्यासाठी क्ष-किरण काढायचा.

या टप्प्यावर मी विचारलं, की मग या बेडकाचं पुढे काय. उत्तर मला आवडलं नाही. नवी जात जाहीर करायची तर नाव ज्याला बांधायचं असा एक नमुना संग्रहालयात ठेवावा लागतो, अल्कोहोलच्या बरणीत, नोंदणी क्रमांकासह. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २००० पासून वर्णनात हा नमुना कोणता ते स्पष्ट सांगणं बंधनकारक आहे. म्हणजे नावासाठी एक जीव जातो. मी रात्री सरांवर ओरडले होते आणि सकाळी बरणीसमोर बसून चहा पीत होते. दोन्ही एकच नाही हे मला कळतं. सरांच्या फोटोतून त्या भेकाला काहीच मिळणार नव्हतं. बरणीतल्या बेडकामुळे निदान त्याच्या जातीला कायद्याच्या कागदावर उभं राहता येईल. तरी चहा गोड लागला नाही.

त्यानंच कोयनेच्या भेकाची गोष्ट सांगितली. १९६३ मध्ये सोमण यांनी त्याचं वर्णन केलं तेव्हा तो 'बुफो' या अवाढव्य वंशात टाकला गेला होता. २००९ मध्ये जनुकं आणि बांधा तपासल्यावर कळलं, की कोयनेचा आणि आंबोलीचा असे दोन भेक मिळून एक स्वतंत्र वंशच आहे, 'झँथोफ्रायनी'. म्हणजे कोयनेच्या भेकाला नाव १९६३ मध्ये मिळालं आणि नातेवाईक सापडायला आणखी ४६ वर्षं गेली.

उरलेला मुक्काम धुक्यात आणि ओल्या कपड्यांत गेला. हिरण्यकेशीच्या देवळातल्या कुंडाशी उभी राहिले. २०२० मध्ये तिथल्या एका छोट्या, बोटाहूनही लहान माशाचं 'शिस्टुरा हिरण्यकेशी' म्हणून वर्णन झालं आणि २०२१ मध्ये राज्य सरकारनं त्या जागेला जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केलं. बाजूला उभ्या आजोबांना मी मासा शोधतेय हे कळल्यावर ते म्हणाले, "तो मासा होय? तो आम्ही लहानपणापासून बघतो."

परतताना सावंतवाडीकडे उतरणाऱ्या घाटात रस्त्यावर चिरडलेले बेडूक मोजायला सुरुवात केली आणि थोड्याच वळणांनंतर सोडून दिली. पहिल्या पावसात रात्री या घाटातून जाणार असाल तर कृपा करून गाडी सावकाश चालवा, किंवा जाऊच नका. धबधब्याला दिवसा जा. रांगेत उभे राहा, कणीस खा.

फोटोग्राफीच्या गटानं मला त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं होतं आणि अजून काढलेलं नाही. परवा सरांनी गवतातल्या त्या बारीक बेडकाचा फोटो टाकून विचारलं, 'नवी जात निघाली का?' मुलानं उत्तर दिलं, की जनुकांचा अहवाल आलेला नाही, आणि बहुधा जुनीच जात निघेल. त्यावर अकरा जणांनी रडवेले चेहरे पाठवले.