पुरात भिजलेल्या आजोबांच्या दंडारीच्या वह्या कशा वाचवल्या, माझा अनुभव

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपुरात कोणी विसरणार नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदी रस्त्यावर, आणि डागा लेआउटमधलं आमचं तळमजल्याचं घर कमरेपर्यंत पाण्यात. घरात गणपती बसलेले, आईने आधी मूर्ती माळ्यावर ठेवली. मी आजोबांची पेटी उचलायला गेलो तर ती पाण्याखालीच होती.

आजोबा झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भातले, दिवाळीनंतर गावोगाव दंडार, म्हणजे तिकडचं लोकनाट्य, करायचे. पेटीत त्यांच्या हातच्या चौदा वह्या, गाणी आणि संवाद लिहिलेल्या, आणि एक फोटो अल्बम. दुसरी कॉपी कुठेच नाही.

पहिल्या दिवशी मी एक वही सरळ गच्चीवर उन्हात उघडून ठेवली, पानं सुटी करायला गेलो आणि तीन पानं फाटून हातात आली, संध्याकाळपर्यंत बाकीची पापडासारखी कडक होऊन चिकटली. ती वही मनातून जात नाही.

रात्री बहिणीच्या एका मैत्रिणीला फोन लावला, ती म्युझियममध्ये जुन्या कागदांचं काम करते. ती म्हणाली, काही उघडू नको, घासू नको, ऊन नको, इस्त्री तर नकोच. ओल्या कागदाला साधारण ४८ तासांत बुरशी धरते, तेवढ्या वेळात सगळं वाळवणं होणार नसेल तर फ्रीझ कर, बुरशी तिथेच थांबते, मग एकेक काढून निवांत वाळव. १९६६ साली इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये आर्नो नदीच्या पुरात लाखो पुस्तकं चिखलात गेली होती, तिथेही पोट्ट्यांनी रांगा लावून ती हातोहात बाहेर काढली, असंही तिने सांगितलं. ते ऐकून जरा धीर आला.

पण लाइट नाही, फ्रीज बंद! चौकाच्या पलीकडे पाणी गेलं नव्हतं, तिथल्या आइस्क्रीमवाल्याला विचारलं तर म्हणाला, "आणून टाका ना भाऊ, खालचा कप्पा रिकामाच पडून राहिला." प्रत्येक वही बटर पेपरात गुंडाळून वेगळ्या पिशवीत भरली. धुतल्या नाहीत, कारण शाई पेनाची, पाण्याने अजून पसरली असती. हातमोजे आणि मास्क मात्र घालाच, त्या पाण्यात गटारही असतं.

फोटो वेगळे. त्यांना एकमेकांवर वाळू द्यायचं नाही, चिकटले की संपलं. स्वच्छ गार पाण्याच्या परातीत सोडले, चित्र असलेल्या बाजूला बोट न लावता, आणि बाजेवर मच्छरदाणी ताणून एकेक उताणा ठेवला. आजोबा स्त्री पार्टात, नऊवारी नेसलेले, तो फोटो असाच वाचला.

मग दीड महिना रोज रात्री एकच काम. एक वही काढायची, आपोआप नरम होऊ द्यायची, पानांमध्ये कोरा न्यूजप्रिंट घालायचा (छापलेला पेपर नको, शाई उतरते), पंखा लांबून लावायचा, दर काही तासांनी कागद बदलायचे, शेवटी पाटाखाली दाबून ठेवायची. चिखल पूर्ण वाळला की मऊ ब्रशने झटकायचा.

शाईची काही पानं निळी धूसर झाली, पण पेन्सिलचं एकूण एक अक्षर टिकलं. समासात जागोजागी पेन्सिलनेच लिहिलंय, "इथे ढोलकी थांबते". आईने ते गाणं वाचता वाचता म्हणून दाखवलं, आणि त्या ओळीपाशी ती खरंच थांबली.

चौदातल्या अकरा वाचता येतात, त्या स्कॅन केल्या. उरलेल्या तिन्हींची पानं अजून चिकटलेली आहेत, ती मी उघडली नाहीत, जाणकार माणसाच्या हातीच देणार.