सायलेन्सरचं तोंड

"गाडी बर्फात अडकली तर काय, काचा लावायच्या, हीटर सोडायचा आणि झोपायचं!" मनालीच्या तयारीवर गप्पा चालल्या होत्या, तेव्हा एक काका सहज म्हणाले. सगळे हसले. मला ते खटकलं.

जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मुरीला बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये २०हून जास्त माणसं गेली. काही थंडीने, काही कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने.

बर्फ साचत साचत सायलेन्सरचं तोंड बुजवतो. धुराला वाट उरत नाही, तो खालून आत शिरतो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते. आणि आपण म्हणतो, प्रवासाचा शीण!

म्हणून इंजिन तासाला साधारण १० मिनिटंच चालवायचं. दर वेळी सुरू करण्याआधी खाली उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ उकरायचा. वारा लागत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवायची. दिवसाही, रात्रीही. गाडी सोडून चालत निघू नये, हिमवादळात दहा पावलांवरचं दिसत नाही. अँटेनाला लाल ओढणी बांधा, शोधणाऱ्यांना दिसेल. दारूने ऊब येते हा निव्वळ भ्रम, शरीर उलट लवकर गार पडतं.

हँडब्रेक गोठून बसू शकतो, त्यामुळे गाडी गिअरमध्ये लावा.

हॉटेलच्या बंद खोलीत कोळशाची शेगडीही हाच वायू सोडते.

आपल्यापैकी किती जणांच्या डिकीत फावडं असतं?