ऊस हुतात्म्याला घातला

सांगली जिल्ह्यातल्या वाळव्याच्या आसपासच्या गावांत गळीत हंगाम सुरू झाला की एक वाक्य सारखे कानावर पडते : "यंदा ऊस हुतात्म्याला घातला." तोड कधी आली, उतारा किती पडला, पंधरवड्याचे बिल जमा झाले का, या बोलण्यात 'हुतात्मा' हा शब्द इतका रुळला आहे की तो एका माणसाच्या मृत्यूशी बांधलेला आहे, हे माझ्याही लक्षात फार उशिरा आले.

तो माणूस म्हणजे किसन अहिर. इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या सातारच्या भूमिगत प्रतिसरकारातील हा तरुण २५ फेब्रुवारी १९४५ रोजी शिराळ्याच्या डोंगराळ भागात मणदूरजवळ पोलिसांशी झालेल्या चकमकीत नानकसिंग या सहकाऱ्यासह मारला गेला. त्यांचे सोबती नागनाथअण्णा नायकवडी मात्र वाचले. पुढे वाळव्यात सहकारी साखर कारखाना उभा करताना अण्णांनी त्याला नाव दिले ते हुतात्मा किसन अहिर यांचे. हयातीतच आपले नाव संस्थेला लावून घेणारे पुढारी आपण पुष्कळ पाहिले आहेत, म्हणून मला ही गोष्ट अण्णांच्या साऱ्या पराक्रमाहून मोठी वाटते.

पराक्रमही लहान नव्हता. १५ जुलै १९२२ रोजी वाळव्यात जन्मलेले अण्णा १४ एप्रिल १९४४ रोजी धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटणाऱ्या तुकडीत होते आणि त्या लुटीतील साडेपाच लाख रुपये चळवळीच्या कामी आले. त्याच वर्षी गोळी लागून ते पकडले गेले, पण सप्टेंबरात सातारच्या तुरुंगाचा तट ओलांडून निसटले आणि पुन्हा भूमिगत झाले. आमच्याकडे भाषणांत अण्णा भेटतात ते बहुधा या तटापर्यंतच.

अण्णा मात्र तिथे थांबले नाहीत. १९५७ मध्ये आणि पुन्हा १९८५ मध्ये ते वाळव्यातून विधानसभेवर निवडून गेले. मधल्या काळात आमदारकी नव्हती म्हणून त्यांचे काम अडले नाही. कारखाना उसाला चांगला दर देण्यासाठी ओळखला जाऊ लागला, आणि त्यावर समाधान मानून बसता आले असते. कृष्णाकाठच्या बागायतदाराला दुष्काळी भागाचे काय पडले आहे, असे कोणी म्हटले तर ते व्यवहाराला धरूनच झाले असते. पण सत्तरी ओलांडल्यावर अण्णांनी सांगली, सातारा आणि सोलापूर जिल्ह्यांतील तेरा दुष्काळी तालुक्यांसाठी पाणी संघर्ष चळवळ उभारली. आटपाडीला भरणाऱ्या पाणी परिषदांना माणदेशातली माणसे भाकरी बांधून येत, आणि त्यांची मागणी एवढीच असे की कृष्णेचे पाणी समन्यायी वाटपाने आपल्याही शिवारात यावे. ज्याच्या रानात पाणी आधीच आहे, त्याने ही मागणी आपली मानावी, याचा मला मनापासून आदर वाटतो.

२००९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि २२ मार्च २०१२ रोजी ते गेले. हंगामात वाळव्याच्या रस्त्याला लागले की मोळ्यांनी शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या काट्यावर जाण्यासाठी ओळीने उभ्या दिसतात, आणि गाडी कुणाची म्हणून विचारले तर ट्रॅक्टरवाला खाली न उतरताच सांगतो, "हुतात्म्याची."