रात्री दहानंतरचा व्हॉल्यूम

प्रीॲम्प, म्हणजे प्लेयर आणि स्पीकर चालवणारा पॉवर ॲम्प्लिफायर यांच्या मधला डबा, घरी बनवतोय म्हटलं की लोकांना वाटतं, काहीतरी फार गहन चाललंय. खरं तर आजच्या प्रीॲम्पला काम असं फारसं उरलेलंच नाही. रेकॉर्ड प्लेयरची पिन मिलिव्होल्टमध्ये पुटपुटायची, तेव्हा तिचं म्हणणं मोठ्यानं सांगायला मध्ये कोणीतरी लागायचं. सीडी प्लेयर मुळातच २ व्होल्टपर्यंत सिग्नल देतो आणि बरेचसे पॉवर ॲम्प्लिफायर त्याच्या आतच पूर्ण ताकदीला पोचतात. म्हणजे वाढवायचं काही नाहीच, कमी तेवढं करायचं. इनपुट निवडायचं एक बटण आणि व्हॉल्यूमचा एक नॉब. बाकी डबा, ट्रान्सफॉर्मर आणि आपली हौस.

त्यामुळे सगळी अक्कल त्या एका नॉबमध्ये खर्च करावी, या मताचा मी झालोय. त्यातही नॉब निवडायचा तो रात्री दहानंतरच्या ऐकण्यासाठी. दिवसा घरात मिक्सर, कुकर, गल्लीतले हॉर्न. कोणताही व्हॉल्यूम कंट्रोल खपून जातो. परीक्षा असते ती भिंतीपलीकडे शेजारी झोपलेले असताना.

हिशेब मांडून बघा. स्पीकर ८८ डेसिबलचा आहे, म्हणजे १ वॉट दिला तर १ मीटरवर एवढा आवाज. रात्री गाण्यातल्या मोठ्यात मोठ्या क्षणालाही ६८ च्या वर जायचं नाही असं ठरवलं, तर २० डेसिबल कमी. म्हणजे एका वॉटचा शंभरावा भाग! आठ ओहमच्या स्पीकरला त्यासाठी पाव व्होल्टहून जरा जास्त लागतं आणि पॉवर ॲम्प्लिफायर वीस पट वाढवणारा असेल तर त्याला द्यायचे जेमतेम १४ मिलिव्होल्ट. प्लेयरच्या २ व्होल्टांतले १४ मिलिव्होल्ट. बाकी सगळं त्या नॉबनं गिळायचं.

आणि नेमका इथेच नॉबामागचा साधा पॉट, म्हणजे फिरवून कमी-जास्त होणारा रेझिस्टर, दगा देतो. स्टिरिओ पॉट म्हणजे एका दांड्यावर बसवलेल्या कार्बनच्या दोन पट्ट्या आणि त्यांवरून फिरणाऱ्या दोन पाती. कानाला प्रमाणाची भाषा कळते, बेरजेची नाही. म्हणून पट्टी लॉग लागते. सुरुवातीला अगदी सावकाश वाढणारी, शेवटी भराभर. पण तसा सलग वक्र छापणं खर्चिक. स्वस्त पॉटमध्ये दोन सरळ पट्ट्या जोडून वक्राचं सोंग आणलेलं असतं आणि दोन्ही बाजूंची सोंगं तळाशी जुळत नाहीत. नॉब जेमतेम उघडला की डावा स्पीकर बोलतो, उजवा विचारात पडलेला. दिवसा कळत नाही. रात्री मैफिलीचं रेकॉर्डिंग लावा, गायकाच्या दोन्ही अंगांना दोन तानपुरे असलेलं. नॉब तसूभर फिरवला की गायकासकट दोन्ही तानपुरे एका बाजूला सरकतात.

पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला 'लॉग पॉट द्या' म्हटलं की पुढचा संवाद ठरलेला असतो.

"कितीचा?"

"पन्नास के, लॉग, स्टिरिओ."

"हा घ्या. लॉग-लिनियर सगळ्याला हाच जातो, साहेब."

म्हणून मल्टिमीटर खिशात ठेवावा. दांडा बरोबर मध्यावर आणायचा आणि खालच्या टोकापासून पात्यापर्यंतचा रेझिस्टन्स मोजायचा. पंचवीस केच्या, म्हणजे पंचवीस हजार ओहमच्या, आसपास आलं तर लिनियर, म्हणजे एकसारखा वाढणारा; पाच ते साडेसात आलं तर लॉग. अंगावर 'ए' छापलं असेल तर आज तो लॉग आणि 'बी' लिनियर. पण काही जुन्या युरोपीय मालावर 'ए' म्हणजेच लिनियर, तेव्हा अक्षरावर फार विसंबू नये. हौशी मंडळी आल्प्सचा निळ्या पाठीचा पॉट आणतात. चांगला असतो, दांडा तुपातून फिरल्यासारखा फिरतो. तळाशी तोही देव नाही.

त्याच्यावरचा उपाय म्हणून स्टेप्ड ॲटेन्युएटर. चोवीस टप्प्यांचा रोटरी स्विच आणि टप्प्याटप्प्याला रेझिस्टर, दोन्ही बाजूंचे मिळून चाळिसाच्या वर. एक टक्क्याचे घेतले की डावं-उजवं रेघेवर जुळतं. स्विच मात्र शॉर्टिंग जातीचा हवा, पुढच्या टप्प्याला टेकल्याशिवाय मागचा न सोडणारा. नाहीतर प्रत्येक टप्प्याला स्पीकरमधून 'ठप्प' असा आवाज येतो. माझी तक्रार वेगळीच आहे. टप्पा २ डेसिबलचा, आणि मला हवा असलेला आवाज कायम दोन टप्प्यांच्या मधोमध राहायला असतो. रिले, म्हणजे विजेनं उघड-बंद होणारे छोटे स्विच, वापरणाऱ्या सर्किटात हा प्रश्न सुटतो: १, २, ४, ८, १६, ३२ अशा सहा पायऱ्यांतून ६३ डेसिबलपर्यंत कुठलाही आकडा निघतो. पण आवाज कमी करताना आतून टकटक ऐकू येते, आणि रात्री तीच गाण्यापेक्षा मोठी वाटते. पीजीए२३११ सारखी चिप तर अर्ध्या डेसिबलनं, एकदम बिनआवाज काम करते. तिच्यात खोट काढायला जागा नाही, हीच तिची खोट. नॉब फिरवायचा आणि आत कुठेतरी आकडा बदलायचा, यात बोटाला काय मिळालं?

मी शेवटी बॅक्सन्डॉलच्या आश्रयाला गेलो. पीटर बॅक्सन्डॉल हे इंग्रज इंजिनिअर. बास-ट्रेबलची जी रचना पुढे जगभरच्या ॲम्प्लिफायरांत गेली, ती त्यांनी १९५२ साली प्रसिद्ध केली. १९८० मध्ये त्यांनीच व्हॉल्यूमचंही एक सर्किट मांडलं. त्यात पॉट साधा लिनियर. तो ऑपॲम्पच्या, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या, फीडबॅकमध्ये (बाहेर आलेला सिग्नल परत आत नेणाऱ्या वाटेत) अशा खुबीनं बसवलेला की लॉगसारखी चाल सर्किटातूनच निघते. पट्टीचा एकूण रेझिस्टन्स किती, याला महत्त्व उरत नाही. पातं पट्टीवर कुठे आहे एवढंच बघितलं जातं. डाव्या-उजव्या बाजूचा घोळ त्यामुळे बराच आवरतो. शिवाय आवाज खाली आणला की सर्किटाची खरखरही सोबत खाली येते. एनई५५३२ सारखे स्वस्त, मिळतील तिथे मिळणारे ऑपॲम्प याला पुरतात. पॉटच्या वाटेत डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज, येऊ न देणारा कपॅसिटर तेवढा विसरायचा नाही, नाहीतर नॉब फिरवताना वाळूवर चालल्यासारखा आवाज येतो.

बास-ट्रेबलही ठेवले. जाणकार यावर नाक मुरडतात. सिग्नल शुद्ध राहिला पाहिजे म्हणे. शुद्धतेचं मला वावडं नाही, पण कानच शुद्ध नाही त्याला काय करणार? हळू आवाजात कान खालचे सूर वगळतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. रात्री तबला ऐका: चाटीवरचं ता-ना लख्ख, आणि डग्गा घरी गेलेला. बासचा नॉब चिमूटभर फिरवला की डग्गेवाला परत येऊन बसतो. एवढ्यासाठी मी थोडा अशुद्ध व्हायला तयार आहे.

नॉबाचं एक राहिलंच. आवडलेला ॲल्युमिनियमचा नॉब हमखास पाव इंचाच्या भोकाचा निघतो, म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आणि पॉटचा दांडा ६. स्क्रू आवळला की नॉब एका अंगाला बसतो आणि लंगडत फिरतो. थंड पेयाच्या कॅनची पट्टी कापून दांड्याभोवती गुंडाळली की भागतं. कॅन रिकामा करून द्यायला घरातलं कोणीही तयार असतं.