पिंक फ्लॉइडचा इतिहास, मोजक्या प्रतींमधला

पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडच्या वाटचालीवरचा, मोजक्याच क्रमांकित प्रतींमध्ये काढलेला एक मोठ्या आकाराचा ग्रंथ सध्या वाचतो आहे. मर्यादित आवृत्ती म्हटली की कापडी बांधणी, जाड आर्ट पेपर आणि जुन्या तिकिटांच्या व भित्तिपत्रकांच्या हुबेहूब प्रतिकृती हे सारे ओघाने येतेच, आणि ते येथेही आहे. मला या पुस्तकाने धरून ठेवले ते मात्र त्याच्या देखणेपणामुळे नव्हे. या बँडविषयी एरवी जे लिहिले जाते त्यात गूढता, प्रकाशझोत आणि विक्रीचे डोळे दिपवणारे आकडे यांचाच बोलबाला असतो. येथे मात्र काम दिसते, हातांनी केलेले, चिकाटीचे आणि पुष्कळदा कंटाळवाणेही.

सर्वांत जास्त वेळ मी रेंगाळलो ते 1973 सालच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बमवरील प्रकरणात, आणि त्यातही ‘मनी’ या गाण्याच्या पानांवर. गाण्याच्या आरंभी गल्ल्याची खणखण, नाण्यांची किणकिण आणि कागद फाटल्याचा आवाज एका लयीत फिरत राहतात, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ती लय कशी घडवली हे येथे तपशिलाने कळते. बँडचा बेसवादक रॉजर वॉटर्स याने मातीची भांडी घडवणाऱ्या आपल्या पत्नीच्या मोठ्या वाडग्यात नाणी टाकून त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित केला. मग एकेका आवाजाची टेप पट्टीने मोजून, सारख्या लांबीचे तुकडे कापून, ते एकमेकांना चिकटवून त्यांचे एक कडे तयार केले आणि ते यंत्रावर सतत फिरत ठेवले. टेपची लांबी म्हणजेच काळ, हे लक्षात घेतले की त्या पट्टीचे महत्त्व कळते, कारण तुकडा जरा जरी कमीजास्त झाला तरी लय लंगडणार. सात मात्रांचे हे आवर्तन रूपक तालाची सवय असलेल्या कानाला परके वाटत नाही. परंतु डेव्हिड गिल्मोरचे गिटारवादन सुरू होताच गाणे चार मात्रांवर येते आणि तेथे जो मोकळेपणा जाणवतो, त्याचे कारण मला ही पाने वाचल्यावर प्रथमच नीट उमगले.

याच वृत्तीचा उगम पुस्तक बरेच मागे नेऊन दाखवते. 12 मे 1967 रोजी लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमधील कार्यक्रमात बँडने अ‍ॅझिमथ को-ऑर्डिनेटर नावाचे एक उपकरण वापरले. अ‍ॅबी रोड स्टुडिओतील तंत्रज्ञ बर्नार्ड स्पाइट यांनी ते तयार केले होते. त्याचा दांडा हलवून कीबोर्डवादक रिचर्ड राइट सभागृहाच्या चारही बाजूंच्या स्पीकरमधून आवाज हवा तसा फिरवत असे. ती साधीसुधी पेटी आणि तिच्यावरचा तो दांडा पाहिला की हे चौघे (तेव्हा गिल्मोर नव्हे, सिड बॅरेट गिटार वाजवत असे) किती तरुण होते आणि तरीही श्रोत्याच्या कानाचा किती बारकाईने विचार करत होते, याचे मनापासून कौतुक वाटते. वॉटर्स, राइट आणि ड्रमवादक निक मेसन हे तिघेही वास्तुशास्त्राचे विद्यार्थी होते, हे येथे आवर्जून आठवते.

सिड बॅरेटविषयीचा भाग संयमाने लिहिला आहे, याबद्दल मी संपादकांचा ऋणी आहे. या बँडला नाव आणि सुरुवातीची गाणी देणारा हा माणूस 1968 मध्ये बँडबाहेर पडला. त्यानंतर 5 जून 1975 रोजी, त्याच्यावरच रचलेल्या दीर्घ गाण्याचे काम चालू असताना, तो अचानक अ‍ॅबी रोडला येऊन उभा राहिला. अंग सुटलेले, डोके आणि भुवयाही भादरलेल्या. सोबत वाढलेल्या मित्रांनाही तो काही वेळ ओळखता आला नाही. त्या दिवशीचे छायाचित्र पुस्तकात लहान आकारात आणि कसल्याही भाष्याविना छापले आहे. ते पूर्ण पानावर पसरले असते तर मला ते सहन झाले नसते.

‘अ‍ॅनिमल्स’ या अल्बमच्या मुखपृष्ठासाठी लंडनमधील बॅटरसी वीज केंद्रावर सोडलेला डुकराच्या आकाराचा फुगा दोर तुटून केंटपर्यंत कसा उडाला, ही कथा पुन्हा एकदा आहेच, ती बहुतेकांना पाठ असल्यामुळे तेथे मी फारसा थांबलो नाही.

उणिवा मात्र खुपतात. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ या गाण्यात शब्दांवाचून केवळ स्वरांनी ज्यांनी प्राण ओतला, त्या क्लेअर टॉरी यांच्या वाट्याला जेमतेम एक परिच्छेद आला आहे. रविवारच्या त्या एका ध्वनिमुद्रणाचे त्यांना 30 पौंड मिळाले होते, आणि सहरचनाकार म्हणून त्यांचे नाव लागायला 2005 साल उजाडावे लागले. जे पुस्तक टेपच्या तुकड्यांना पानेच्या पाने देते, त्याने या गायिकेला इतक्या थोडक्यात आटोपावे हे मला पटत नाही. राइटला ‘द वॉल’ या अल्बमच्या काळात बँडमधून काढले गेले आणि 1980-81 च्या कार्यक्रमांत तो पगारी वादक म्हणून वाजवत होता, ते कार्यक्रम तोट्यात गेल्यामुळे चौघांपैकी पैसे मिळाले ते त्याला एकट्यालाच. ही हकिकत आहे, पण घाईने उरकलेली. 1985 मध्ये वॉटर्स बाहेर पडल्यानंतर बँडच्या नावाच्या हक्कावरून झालेला वाद तर काही ओळींतच संपतो. भांडणे चवीने सांगावीत असे मी म्हणत नाही, परंतु 2 जुलै 2005 रोजी हाइड पार्कमध्ये चौघे पुन्हा एकत्र उभे राहिले त्या छायाचित्राचे मोल, मधली वर्षे माहीत असल्याशिवाय नव्या वाचकाला कसे कळावे?

आणि नवा वाचक या पुस्तकापर्यंत पोहोचणार तरी कसा, हाही प्रश्न आहेच. प्रतिकृती, कापडी बांधणी आणि क्रमांक संग्राहकांकडे खुशाल राहोत. ध्वनिमुद्रणावरची प्रकरणे आणि तंत्रज्ञांच्या आठवणी मात्र साध्या कागदावर, साध्या बांधणीत निघाल्या पाहिजेत. आज एखाद्या लहानशा खोलीत गाणे ध्वनिमुद्रित करू पाहणाऱ्या मुलामुलींना त्या पानांची गरज माझ्यापेक्षा जास्त आहे. प्रकाशकांना मी तसे पत्र लिहिले आहे.